टीप द्यायची का?

४ मार्च, सोमवार
काय दिवस आलेत! चाव्या बनवणाऱ्याचं पैसे घ्यायचं यंत्र टीप मागतं, औषधवाल्याचं मागतं. आज तर दुकानात सामान मीच उचललं, मीच यंत्रावर फिरवलं, मीच पिशवीत भरलं — तरी पडद्यावर प्रश्न : टीप द्यायची का? कुणाला? मला? जन्मभर लोकांचे कपडे शिवले, पण असा हात नाही पसरला कुणापुढे. 'नाही' दाबलं.

संध्याकाळी ताई सांगून गेली — माझी लेक स्टेशनापलीकडच्या बेकरीत गल्ल्यावर असते. घर सोडल्यापासूनची पहिली खबर. "तुझी शिलाई तुलाच लखलाभ," म्हणून गेली होती. मीही हट्टी. हाक मारली नाही.

६ मार्च, बुधवार
गेले. ब्रेड आणायला. ब्रेड घरात होता!

बारीक झालीये. "पिशवी हवी?" एवढंच बोलली, परक्यासारखी. मग पडदा माझ्याकडे वळवला आणि तोंड भिंतीकडे. रीतच आहे म्हणे, गिऱ्हाईक टीपचा आकडा दाबेपर्यंत बघायचं नाही. मी सगळ्यात मोठा दाबला. तिला कळलं असेल का?

९ मार्च, शनिवार
परत गेले. आज मुद्दाम वेळ लावला, पर्समध्ये चष्मा शोधत बसले. चष्मा नाकावरच होता! तेवढंच तिच्यासमोर उभं राहायला मिळतं. मान वळवली की तिच्या कानामागचा तीळ दिसतो.

मागून एक म्हातारा — "बाई, आकडा दाबताय की मुहूर्त बघताय?" ती हसली का? वाटलं हसली. पण भिंतीकडेच.

१० मार्च
घरात ब्रेडच ब्रेड. खाणारं कोण आहे!

१३ मार्च, बुधवार
तिची सुट्टी. गल्ल्यावर दुसरीच होती. घरी आले आणि शर्टाची डावी बाही उजवीकडे लावून बसले. सगळं उसवलं. जीव नाही लागत कशात. पोरी, एकदा बघ गं माझ्याकडे. बोलू नकोस हवं तर.

१६ मार्च, शनिवार
आज तिने पडदा वळवलाच नाही. स्वतःच 'नाही' दाबलं. माझं एवढंही नको हिला? तर गल्ल्याखालून आपला एप्रन काढला, पट्टा उसवलेला, आणि माझ्या पिशवीत कोंबला. सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, ती टीप राहू दे. इथे एक मारून ठेव. सुटले की घरी येते न्यायला."