चाळीस मिनिटांची घरघर

३ फेब्रुवारी
आजपासून रागावायचं नाही. रागाने हात थरथरतो आणि मायक्रोफोनमध्ये ऐकू येतो.
ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवायला सभागृह मिळालं. १ मार्च, दुपारी चार. रचना एकच: घरमालक अल्हाजींच्या जनरेटरची घरघर, सलग चाळीस मिनिटं, मागे आपल्या इबादान शहराचे आवाज. कापायचं नाही, जोडायचं नाही. कापलेला आवाज म्हणजे खोटी साक्ष.
बायकोशी, मोरेनिकेशी, करार: शेवटपर्यंत कुणी जागचं उठलं नाही, तर मागची खोली माझी. उठलं, तर तिथे तिच्या शिलाई मशिनी. तिने लगेच हात मिळवला. हसली का, ते कळलं नाही.

७ फेब्रुवारी, दुपारी ३
लाइट गेली, जनरेटर सुरू. उत्तम. अकराव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरची रिस्कातची आई गच्चीवर आली. म्हणाली, टोबीचे बाबा, तुमच्या वायरीवर पाय पडला तर मला बोलायचं नाही हं. आणि दिला पाय. बोललो. तीही बोलली: अख्खं गाव या आवाजाला कंटाळलंय आणि हा माणूस तो बाटलीत भरून ठेवतोय!

१२ फेब्रुवारी
न रागावणं सोमवारपासून.
पाच दिवस लाइट जातच नाही. आयुष्यात असं झालं नव्हतं. अल्हाजींना म्हटलं, नुसता चालू तर करा. ते म्हणाले, लाइट असताना जनरेटर लावला तर लोक मला वेडा म्हणतील, प्रोफेसर. तुमचं ठीक आहे. मी प्रोफेसर नाही. पॉलिटेक्निकमध्ये फिजिक्स शिकवतो. हे त्यांना पक्कं माहीत आहे.

१९ फेब्रुवारी
सव्वादोनला लाइट गेली. सदतीस मिनिटं निर्मळ. घरघर, तिच्या पोटातला दुसरा खोल सूर, लांबवर मिरची वाटायची गिरणी. मी डोळे मिटून. आणि अडतिसाव्या मिनिटाला कुणीतरी थेट मायक्रोफोनच्या तोंडाशी किंचाळलं: लाइट आलीऽऽ! मागून सगळी इमारत ओरडली, पातेली वाजली. अल्हाजींचा गुडघा दुखतो, म्हणून जनरेटर बंद व्हायला आणखी दोन मिनिटं लागली. चाळीस भरली. पण नासली.

२० फेब्रुवारी
चौकशी. किंचाळी इतकी जवळून आहे की आवाज फाटलाय, माणूस ओळखू येत नाही. शेजारी कपडे वाळत घालत होती मोरेनिके. ती म्हणते, माझ्या तोंडात चिमटे होते. रिस्कातची आई म्हणते, ओरडले, पण दुसरी, पहिली नाही. सगळे चोर. मोरेनिकेशी बोलणं बंद.

२६ फेब्रुवारी
लाइट जात नाही. किंचाळीची तीन सेकंदं कापली तर कुणाला कळणार? मला. कापली. तासाभराने परत जोडली. आता ही जोडही खोटी साक्ष का? मोरेनिकेला विचारलं असतं, पण बोलणं बंद आहे.

१ मार्च, संध्याकाळी
लाइट नव्हती. सभागृह स्वतःच्या जनरेटरवर, माझे स्पीकरही त्यावरच. बावीस माणसं. पाचव्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, तो जनरेटर जरा लांब नेता येईल का, कार्यक्रम कसा ऐकू येणार? विसाव्या मिनिटाला एक गृहस्थ: अहो, सुरू कधी करताय? गाढव. पण उठलं कुणी नाही. एकजण डुलक्या घेत होता, तेही बसूनच.
अडतिसावं मिनिट. स्पीकरमधून: लाइट आलीऽऽ!
बावीसच्या बावीस माणसं उठून ओरडली. रखवालदार सुले धावला आणि त्याने खटका जनरेटरवरून सरकारी लाइटवर टाकला. लाइट कुठली यायला! पंखे बंद, स्पीकर बंद. पूर्ण शांतता.
मग टाळ्या. पहिल्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, शेवट फार सुंदर.
मोरेनिके दहा दिवसांनी माझ्याशी एक वाक्य बोलली: उठले ना?

२ मार्च
गुन्हेगार पकडायचाच म्हणून ती तीन सेकंदं हेडफोन लावून, वेग निम्मा करून ऐकली. किंचाळीच्या आधी एक श्वास आहे. नाकातून, बारीक शिट्टीसारखा.
माझ्या या शिट्टीबद्दल मोरेनिके गेली एकोणीस वर्षं तक्रार करते आहे.
चार वेळा ऐकलं. शिट्टीच आहे.
मशिनी उद्या येणार. खोली आवरतोय. तिला अजून सांगितलेलं नाही. तिने विचारलेलंही नाही, म्हणजे तिला १९ तारखेपासून ठाऊक आहे.
आत्ता लिहिता लिहिता लाइट आली. पहिलं कोण ओरडलं, ते लिहीत नाही.