उंबऱ्यावरची भिंत आणि पान सत्तेचाळीस

ती. ताईंना,

त्या सकाळी मी चादरी भिजवल्या, कुंड्यांना पाणी घातलं, धान्याचे डबे गच्चीवर उन्हात मांडले आणि गादी उलटी करून झोडपली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढे जे झालं तो माझा हलगर्जीपणा, असं तुम्ही म्हणाल. (नमस्कार राहिलाच. वाकून केला असं समजा; कंबर सध्या वाकत नाही, त्याचं कारण पुढे येईल. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतं बाटलीकडे बघता?)

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. गेल्या उन्हाळ्यात अचानक आलेल्या पावसाने दोनदा घर बुडालं, तेव्हा मी तुम्हाला शब्द दिला होता, की यंदा रस्त्यावरचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं, तर घर त्या औषधवाल्या दुकानदारांना विकायचं आणि मी तुमच्याकडे राहायला यायचं. तुम्ही मागची खोली रिकामीसुद्धा केलीत. शब्द मोडणारी मी नाही, म्हणून तर पदर खोचून कामाला लागले.

घरात पाणी शिरू नये म्हणून काय करावं, याचं एक जाडजूड पुस्तक वाचनालयात मिळालं. माझं वाचन तुम्हाला ठाऊक आहे. वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. एकाही गोष्टीला डोकं नाही, आणि डोकं असलं तर शेपूट नाही. एक राजपुत्र तर वीस वर्षं झाली विहिरीत लटकतोय, कारण पुढचा कागद दुसऱ्या कुणाच्या साबणाला गेला. तेव्हापासून नेम केलाय, अख्खं पुस्तक हाती आलं की पहिल्या पानापासून, एक ओळ न गाळता, रोज तीन पानं. हे हसायचे. म्हणायचे, तू औषधाच्या बाटलीवर आधी कारखान्याचा पत्ता वाचशील, तोवर रोगी बरा होऊन फिरायला जाईल. (पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. असं काही बोलणारं माणूस घरात नसलं की पुस्तकं लवकर संपतात, एवढंच.)

तर पान एकोणीस ते एकतीस, दारापुढची भिंत. गवंड्याला बोलावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, मावशी, दारात भिंत बांधली तर तुम्ही बाहेर कशा येणार? मी म्हटलं, पाय उचलून. मांडीइतकी उंच, दोन्ही बाजूंना चौकटीला घट्ट, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा. समोरचे मास्तर (निवृत्त झालेत, पण छडी अजून जिभेत आहे) रोज सकाळी येऊन पाहणी करायचे आणि विचारायचे, "वहिनी, धरणाचं उद्घाटन कधी?" मी लक्ष दिलं नाही. दूधवाला पिशवी भिंतीवरून देऊ लागला. भांडी घासणारी बाई दोनदा अडखळली आणि तिसऱ्या दिवशी एक पाय आत, एक बाहेर अशी बसून तिने सरळ गप्पाच सुरू केल्या.

आणि मग तो दिवस. चादरी वाळत घातल्या, जेवले, आणि तीनच्या सुमाराला दुपारची संध्याकाळ झाली. पाऊस असा आला की गच्चीवरचे डबे खाली आणेपर्यंत तळात पाणी. चढावरून रस्ताच्या रस्ता वाहत आला. मी भिंतीच्या आत कंबरेवर हात ठेवून उभी. पाणी चढलं, चढलं, आणि काठाखाली दोन बोटांवर थांबलं. ताई, खोटं कशाला सांगू, छाती फुगली. मास्तर त्यांच्या ओट्यावर धोतर वर धरून उभे होते. त्यांना मी पाटाची फळी दाराला कशी लावायची ते ओरडून शिकवायला लागले. बरोबर पान बावीस. एवढ्यात माझ्या पायाशी माझी चप्पल आली. पाठीमागून.

मोरीतून पाणी उसळत होतं. बाहेरचं गटार तुंबलं की पाणी उलटं फिरतं आणि घरात मिळेल त्या तोंडातून वर येतं, हे सगळं त्या पुस्तकात आहे. मोरीचं प्रकरण पान सत्तेचाळीसवर आहे. मी एकतिसावर होते.

आता गंमत ऐका. अर्ध्या तासात पाऊस थांबला, तासाभरात रस्ता मोकळा झाला, मोरीच्या तोंडाशी गाळ बसून तीही बंद, आणि माझ्या घरात तळं. कुठे जाईल? भिंत उत्तम होती ना! एक थेंब बाहेर जाऊ देईना. मी बादलीने भिंतीवरून पाणी बाहेर फेकत होते (कंबरेचं कारण हे), आणि मास्तर समोरून म्हणतात, "अहो वहिनी, जरा बघून. रस्ता आत्ता कुठे वाळतोय." पण मग काय वाटलं कोण जाणे, आपली बादली घेऊन आले आणि अंधार पडेपर्यंत माझ्याबरोबर उपसत राहिले. तोंड मात्र बंद ठेवलं नाही.

तेव्हा शब्दाचं म्हणाल तर, रस्त्यावरचं पाणी उंबरा ओलांडून आलेलं नाही. मोरीतून आलं. दुकानदारांना तसं कळवावं. मला कुणाची गरज नाही, घर सुकतंय, माझं सगळं उत्तम चाललंय.

तुमची,
धाकटी भावजय

ता.क. एक विचारायचं होतं. नळवाला म्हणतो, बाहेरच्या नळीला एकतर्फी झडप बसवली की घरातलं पाणी जाईल, उलटं येणार नाही. पण त्यासाठी अंगणातल्या चेंबरचं झाकण सापडायला हवं, आणि ते यांनी बसवलेल्या फरशीखाली गेलंय. कुठल्या फरशीखाली, ते यांनाच माहीत. अकरा दिवस उकिडवे बसून एकेक फरशी लावली होती, एक ओळ तिरकी गेली म्हणून दोन दिवस जेवताना बोलले नव्हते. नळवाला म्हणतो, सगळं अंगण फोडू. मी त्याला परत पाठवलं. तेव्हा तुम्ही खुर्ची टाकून तिथेच बसला होतात. आठवून सांगा, म्हणजे एकच फोडता येईल. पत्रात जमत नसेल तर चार दिवस या. गुडघ्यासकट या.

ता.क. दुसरा. घोट्याइतकं पाणी असा समज झाला असेल तर तो राहू द्या. गुडघ्याइतकं होतं.

ता.क. तिसरा. पत्र टाकायला निघाले आणि आभाळ पुन्हा काळं झालं, म्हणून पत्र घेऊन परत फिरले, पण तेवढ्यावर निभावलं. तुमच्या उत्तराला आठवडा लागेल आणि पाऊस काही पत्राची वाट बघत नाही. तरी तुम्ही याच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडी घेतली, मोरीच्या भिंतीपासून सुरुवात केली आणि सात फरशा फोडल्या. झाकण सातवीखाली होतं.