काळ्या घोड्याचा साचा

मंगळवार, ता. ४

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक चिमटा, कारण मागच्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. त्या लॅबमध्ये सगळ्या जगाच्या कवळ्या तू एकटीच बनवतेस का गं?

फोन करत नाही. फोनवर तुझा बाप शेजारी बसून ऐकतो आणि मधे मधे मान हलवतो. पत्र वाचताना काय हलवायची ती मान तुझी तू हलव.

तर बातमी अशी. बापाच्या बुद्धिबळ मंडळातला काळा घोडा हरवला. कुणीतरी तावातावाने पट उधळला, आणि घोडा खिडकीतून जो गेला तो थेट गटारात. मोहरे जुने, लाकडी, कुण्या जुन्या सुताराने हाताने कोरलेले. तसा घोडा आता कोण कोरून देणार? म्हणून मंडळाने ठरवलं की जुना संच फेकायचा आणि प्लॅस्टिकचा आणायचा. बाप सेक्रेटरी, त्याने घरी येऊन तोंड पाडून सांगितलं. मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, एक घोडा शिल्लक आहे ना, तो आण, मी त्याचा साचा काढून दुसरा ओतून देते. तर हसला गं! आईशी बोलताना जसं हसू नये तसं हसला. म्हणाला, आई, कपाटाच्या मुठी वेगळ्या आणि घोडा वेगळा, आणि तुझा हात बघ जरा.

हात बघायचा काय? थरथरतो, मला माहीत आहे. माझाच आहे. हात थरथरतो म्हणून सुरी काढून घेतली, किटली काढून घेतली, आता इस्त्रीला हात लावला तरी तुझी आई धावत येते. सुरीकिटलीचं मी ऐकलं. पण मोरीशेजारचं माझं टेबल, तू सुट्टीत मांडून दिलेलं, तिथे मी कुणाचं ऐकत नाही. सबंध गल्लीच्या कोटांना बटणं ओतून दिली आहेत मी. मिक्सरची, रेडिओची, शिलाई मशीनची, ज्याचं जे तुटेल ते माझ्याकडे येतं.

मग बोलाचाली झाली. मीही भडकले. म्हटलं, रविवारच्या सामन्याला घोडा पटावर उभा नसेल तर टेबल उचलून गच्चीवर टाक, मी हूं की चूं करणार नाही. त्याने लगेच कबूल केलं. फारच लगेच. शिल्लक घोडा रुमालात गुंडाळून आणून दिलाय, जसं काही सोन्याचं बिस्कीट.

तुझी आई ठीक. मांजरीने पुन्हा पिल्लं घातली, तीही माझ्याच सिलिकॉनच्या खोक्यात.

इथे प्रेमाचा तुटवडा नाही, तिथे कमी पडलं तर कळव.
तुझी आजी


बुधवार, ता. ५

चि. ठमीस,
आशीर्वाद. कालचं पत्र पोचायच्या आतच हे दुसरं. कारण फजिती झाली आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही.

सगळं तू शिकवलंस तसंच केलं. घोडा आडवा करून निम्मा मातीत बसवला, कडा नखाने साफ केल्या. बुडाशी मातीची नळी ठेवली, पुढे तिच्या भोकातून पातळ रेझीन ओतायला, ते आत घट्ट झालं की घोडा. भोवती पुठ्ठ्याचं खोकं, फटींना चिकटपट्टी. सिलिकॉन आणि त्याला घट्ट करणारं औषध, दोन्ही भाग काट्यावर तोलून घेतले. अंदाजाने नाही हं, मीठ घालताना करते तसा अंदाज इथे चालत नाही हे मी पहिल्याच मुठीला शिकले. उंचावरून बारीक धार धरून एका कोपऱ्यात ओतलं. माझ्या हाताच्या थरथरीने बुडबुडे आपोआप वर येतात, ठमे! तुमच्या लॅबमध्ये त्याला मशीन लागतं म्हणालीस ना? मी फुकट करते.

पहिली बाजू अशी घट्ट बसली की बघत राहावं. खोकं उलटं केलं, माती काढली. आता दुसरी बाजू ओतायची. तेवढ्यात नळवाला आला. मोरीचा नळ गळतोय म्हणून तुझ्या आईने बोलावला होता, आणि त्याला बोलायची भारी हौस. त्याच्या सासूचं ऑपरेशन, मेहुण्याची नोकरी, सगळं ऐकलं. ऐकता ऐकता दुसरी बाजू ओतली. आणि मधे व्हॅसलीन लावायचंच राहिलं.

संध्याकाळी साचा उघडायला गेले तर उघडतोय कुठला! सिलिकॉन सिलिकॉनला असं चिकटलं की सांधासुद्धा दिसेना. साबणाच्या वडीएवढा पांढरा गोळा, आणि मंडळाचा एकुलता एक काळा घोडा त्याच्या पोटात. बाप आला, गोळा हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला. आत घोडा खिंकाळणार होता की काय? मग एकच वाक्य बोलला. म्हणाला, आधी एक घोडा नव्हता, आता दोन्ही नाहीत.

त्याला म्हणायचं होतं की मी म्हातारी झाले. अगं, नळवाल्याच्या सासूची गोष्ट ऐकताना विसाव्या वर्षीही मी व्हॅसलीन विसरले असते. टेबल अजून जागेवर आहे, आणि रविवारही अजून यायचा आहे. काय करू ते ताबडतोब लिही.

जीव तुझ्यावर, लक्ष गोळ्यावर,
आजी


बुधवार, ता. ५

चि. ठमीस, आशीर्वाद.
आजीने तुला तिखटमीठ लावून लिहिलं असेलच. आता माझी बाजू ऐक. त्या गोळ्यात मंडळाची वस्तू अडकली आहे. फर्निचरवाल्या सुताराला विचारलं, तो करवतीने कापून देतो म्हणाला. पण आजी गोळा उशाशी घेऊन बसली आहे, कुणाला हात लावू देत नाही. स्वतः कापणार म्हणते. ब्लेडने! परवा तिच्याच्याने चहाची बशी धरवली नाही. घोड्याचं राहू दे बाजूला, बोट कापून घेतलं तर मी काय करू? तुझं ती ऐकते. तिला लिही की हे सगळं पुरे आता. मी वाईट मुलगा नाही गं, मला भीती वाटते, एवढंच.
प्रकृतीला जप. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण जेवत जा.
तुझा बाबा


गुरुवार, ता. ६

ती. आजीस,
ठमीचा वाकून नमस्कार. चिमटा पोचला, अजून दुखतोय.

तुझी दोन आणि बाबाचं एक, अशी तीन पत्रं एकाच कुरियरने आली. जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या हातून अख्खी खालची कवळी पडली. बाबा म्हणतो की तुला थांबायला सांग. मी सांगणार नाही. पण तो घाबरलाय, एवढं मात्र ध्यानात ठेव.

आता नीट वाच. गोळा वाया गेलेला नाही. कित्येक लोक मुद्दाम असाच अखंड गोळा ओततात आणि नंतर कापून साचा करतात. सुताराला देऊ नकोस, करवत घोड्यातूनच जाईल. सोबत पातळ पात्याचा चाकू पाठवतेय. नळीच्या भोकापासून सुरुवात कर. बोटांनी गोळा फाकवत जा आणि जेवढं फाकेल तेवढंच काप, वाटाण्याची शेंग उघडतात तसं. लाकडाला टोक लागू देऊ नकोस. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरळ कापू नकोस. नागमोडी काप. सरळ कापलेले दोन भाग एकमेकांवर घसरतात, नागमोडी कापलेले नेमके एकमेकांत बसतात. शेवटपर्यंत कापू नकोस, एका कडेला जोडलेलं राहू दे.

सोबत जाड हातमोजेही आहेत. ते घातल्याशिवाय चाकू धरलास तर मीसुद्धा बाबाच्या बाजूची, सांगून ठेवते. आणि रेझीन ओतताना खिडकी उघडी, तोंडाला मास्क. घोड्याचे कान सांभाळ, टोकांत हवा अडकते. आधी तिथे टाल्कम पावडर फुंक.

तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो मी सोडणार नाही.
तुझीच ठमी


रविवार, संध्याकाळ

माझ्या लाडक्या ठमीस,
आजीचे पोतंभर आशीर्वाद!

नागमोडी काप म्हणालीस. अगं, मला सरळ कापता येत नाही हीच तर सगळ्यांची तक्रार आहे! तू ते लिहिलंस आणि मी मोठ्याने हसले, तुझी आई धावत आली, तिला वाटलं इस्त्री.

शुक्रवारी कुरियर आलं तसं टेबलाशी बसले. हातमोजे घातले, दोन्ही कोपरं टेबलावर दाबून धरली. बाप दारात उभा. म्हटलं, उभा राहा, पण श्वास घे, निळा पडलास तर मला ऑर्डर सोडून तुझ्याकडे बघावं लागेल. चाकू थरथरत गेला आणि लाट थरथरत उठत गेली. दम लागला की थांबायचे, मांजरीकडे बघायचे, पुन्हा कापायचे. आधी बूड दिसलं, मग मान, मग ती कोरलेली आयाळ. शेवटी अंगठ्याने ढकललं आणि घोडा पट्कन बाहेर आला, एक ओरखडा नाही. बाप खुर्ची ओढून बसला.

मग ओतायचं काम. रेझीनचे दोन्ही भाग तोलले, काळा रंग घातला, भांड्याच्या कडा खरवडत सावकाश ढवळलं. साचा बंद करून रबरबँड लावले. तुझी लाट अशी जुळली की फट शोधावी लागावी. पण घाई केली, पावडर विसरले. हो, पुन्हा विसरले, या वेळी नळवालाही नव्हता. पहिला घोडा एका कानाचा निघाला. बापाच्या तोंडावर आलं होतं काहीतरी, त्याने गिळलं. मी तो कानतुटका बाजूला ठेवला आणि दुसरा ओतायला घेतला. या वेळी कानांत पावडर फुंकली, आधी थोडंसंच ओतलं, सुईने टोकं ढवळली, साचा तिरका करून टिचक्या मारल्या, मगच भरला. बुडाशी लोखंडी नट बुडवला, वजन सारखं व्हायला. घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून मी चक्क झोपले.

शनिवारी उघडला. दोन्ही कान, नाकपुड्या, सुताराच्या छिन्नीचे चरे, सगळं आलं! बारीक पॉलिशपेपरने घासला, चकाकी मारायला बुटाचं पॉलिश चोळलं, आणि दोन्ही घोड्यांच्या बुडाला नवं हिरवं कापड लावलं. शेजारी शेजारी ठेवले. काट्यावर दोघं सारखेच.

आज सामन्याला गेले. साडी नवी नेसले. मंडळातली मंडळी घोडे हातात घेऊन उन्हात धरत होती. एकाने तर वास घेऊन पाहिला, बुटाचा आला असेल. प्लॅस्टिकच्या संचाचा विषय कुणी काढला नाही. टेबलाचा विषय बापाने काढला नाही, मीही नाही. पण येताना म्हणाला की मंडळाच्या रजिस्टरात लिहावं लागेल, नवा घोडा कुठला ते सांग. मी म्हटलं, दोन्ही अडीच घरं चालतात, तुझं काय अडलंय? तर म्हणाला, मी ओळखतो. घरी आल्यावर भिंग घेऊन बसला. चहा गार झाला. एक घोडा उचलायचा, दुसरा उचलायचा, नखाने टकटक करायचा. शेवटी एकाच्या बुडाला चिठ्ठी चिकटवली, वर सेक्रेटरीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: नवीन. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, आई, बारकाईने बघितलं की फरक कळतोच.

मी मान हलवली. चिठ्ठी सुताराच्या जुन्या लाकडी घोड्याला लागली आहे. तू तोंड उघडलंस तर खबरदार.

तू आहेस म्हणून मी इतकी मस्तीत आहे, हे असंच राहू दे.
तुझी आजी