अकरा टोकांची चांदणी

१४ तारीख, दुपार
शाळेची कॉम्प्युटर-खोली

प्रिय दादा,

आम्ही सगळे ठीक. तूही बरा असशील. नसलास तरी तू कुठला सांगायला. चार वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत.

कॉम्प्युटरवर आपली मशीद उभी करायचं माझं काम संपलं. मुलं तो व्हीआरचा चष्मा चढवतात आणि थेट घुमटाखाली उभी राहतात. बाबांनी टाइल बसवलेली चांदण्यांची भिंतही त्यात आहे. बारा टोकं, दोन टोकांत तीस अंश; गणिताच्या बाई तिथेच तास घेतात. नक्षीत माणसं-प्राणी का नाहीत, असंही मुलं विचारतात. खरी भिंत ओलीने फुगली म्हणून गेल्या वर्षी पाडली. आता आहे ती एवढीच.

गेल्या आठवड्यात बाबांना आणलं. चष्मा लावून ते तडक डावीकडच्या खांबाशी गेले. भिंत वाकडी होती म्हणून तिथली एक चांदणी आपण अकरा टोकांची केली आणि कुणाच्या बापाला कळलं नाही, हे त्यांचं पुराण तुला पाठ आहे. तू त्याला थापा म्हणालास, तिथूनच तुमचं वाजलं आणि तू घर सोडलंस.

बाबा हवेत बोट फिरवत मोजत राहिले. बारा. पुन्हा बारा. चष्मा काढून म्हणाले, "तुझा दादा बरोबर होता. मी उगाच फुशारकी मारत आलो."

दादा, भिंत पाडायच्या आधी मी तिची उजवी अर्धी बाजूच मोजली होती. डावी म्हणजे तीच उलटी करून लावलेली. नक्षी दोन्हीकडे सारखीच असते, आमच्या कामात सगळे असंच करतात. डावीकडे मी फिरकलेच नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिथे अकरा टोकांची चांदणी घातली, त्यांना परत आणलं आणि सगळं कबूल केलं. त्यांनी मोजली. "छान केलीस," म्हणाले, लहान मुलाच्या चित्राला म्हणतात तसं. "बापाचं मन राखलंस."

तेव्हापासून कामाचं नाव काढत नाहीत. गवंडीकामाची थापी आणि करणी शेजाऱ्याला देऊन टाकली.

मी कायम त्यांची बाजू घेत आले, म्हणून माझं त्यांना खरं वाटत नाही. तुझं वाटेल. लहानपणी तू त्यांचा डबा घेऊन तिथे जायचास. एकदा फोन कर आणि म्हण, मी मोजली होती, अकराच होती. मोजली नसलीस तरी म्हण.

तू खोटं बोलत नाहीस, ठाऊक आहे. पण खरं काय होतं ते सांगणारं आता कुणी उरलं नाही, आणि ती भिंत मीच शेवटची पाहिली होती.

दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहिणारी,
तुझी धाकटी