रांगेतला रुमाल

३ फेब्रुवारी, मंगळवार

जॉब टाकला, म्हणजे संस्थेच्या संगणकावर चालवायचं काम रांगेत लावलं. रां. क्र. ४१. (रांगेतला क्रमांक. आता रोज लिहावा लागणार, म्हणून आजच आखूड केला.)

बहात्तर तास मागितलेत, चार मशीनं. संस्थेत मोठं संगणकघर एकच आणि त्याच्या दारात सगळे उभे. भौतिकवाले, रसायनवाले, हवामानवाले, आणि मी गाळवाली. नाथसागरात दरवर्षी किती गाळ बसला, १९८० पासून २०२४ पर्यंत, हे गणित एका दमात चालवायचं. ते झालं की सहाव्या प्रकरणातला रिकामा तक्ता भरेल, मग प्रबंध बांधायला जाईल.

संस्थेचं पत्र पुन्हा वाचलं. २७ फेब्रुवारीला संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध न दिल्यास नोंदणी 'आपोआप' रद्द. आठ वर्षं या संस्थेत ये-जा करतेय. आपोआप झालेलं अजून काही पाहिलेलं नाही.

४ फेब्रु., बुध

रां. क्र. ४४.

काल एक्केचाळीस होता. एसटीच्या रांगेत माणूस उभ्या जागी मागं जात नाही, इथं जातो. पैठणच्या कॉलेजात शिकवून येताना गाडीतच फोनवर पाहिलं, आणि तिथूनच सय्यदभाईंना लावला. ही रांग तेच सांभाळतात. म्हणाले, "ज्याने जास्त वापरलं तो मागं, कमी वापरलं तो पुढं. इन्साफ मशीन करती मॅडम, हम नहीं."

मी म्हटलं, दिवाळीपासून मी एक तासही वापरलेला नाही.

"हौ? तो फिर देखना पड़ेगा."

घरी आल्यावर अनिल: "लागला का नंबर?" सकाळी दवाखान्यात नाव लिहून आल्यासारखं विचारतो. नवरा आहे, त्याला दुसरं काय सुचणार.

६ फेब्रु., शुक्र

सय्यदभाईंनी कागद हातात दिला. जानेवारीत माझ्या नावावर बारा जॉब. प्रत्येक सात दिवसांचा, म्हणजे मागता येईल तेवढा. काम शून्य. मशीन अडवून नुसते झोपलेले.

माझा पासवर्ड बोराडेकडं होता. बोराडे आमच्याच गाईड सरांचा विद्यार्थी, पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. मी निवडणुकीच्या ड्यूटीवर असताना एक फाइल उतरवून घे म्हणून मीच दिला होता. पासवर्ड कुणाला देऊ नये आणि दिला तर बदलावा, हे मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवते. मार्कासहित.

बोराडेला गाठलं. तो जराही ओशाळला नाही.

"रुमाल हाय तो, मॅडम."

"कसला?"

"पैठणच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकतो का नाय आपण? तसं. काम तयार होईल त्या दिवशी जागा कुठून आणायची? म्हणून आधीच झोपलेला जॉब टाकून ठिवायचा. काम आलं की त्याच्या जागेवर बसवायचं."

"आणि माझ्या नावावर का?"

"आमच्या नावावर लई झाले होते. तुमचं रिकामंच पडलं होतं."

असे रुमाल कोणाकोणाचे, विचारलं. "कोणाचे नायत ते विचारा," म्हणाला.

म्हणजे गाडी रिकामी, सगळ्या सीटांवर रुमाल, आणि माणसं दारात लोंबकळतायत. संगणकघराच्या काचेतून आत पाहिलं. हिरवे दिवे लुकलुकत होते. चार एसी त्या झोपेला गार वारा घालत होते.

पासवर्ड बदलला. जानेवारीचं पाप मात्र माझ्याच खात्यात राहणार. मशीनला माफी कळत नाही.

९ फेब्रु., सोम

सरांकडं गेले. रुमालांचं सांगितलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, संशोधनात संयम लागतो." त्यांच्या नावाच्या गेल्या चार शोधनिबंधांत पहिलं नाव बोराडेचं आहे, हे मला तेव्हा आठवलं आणि त्यांनाही आठवलं असावं. मग स्वतःच म्हणाले, "तुम्हाला तातडीचं पत्र देतो." तातडीवाल्यांची रांग साध्यांच्या पुढं चालते.

पत्र घेऊन सय्यदभाईंकडं. त्यांनी पडदा माझ्याकडं फिरवला. रांगेत सेहेचाळीस, त्यातले त्रेचाळीस तातडीचे.

"तीनच लोकांना जल्दी नाही मॅडम. एक तुम्ही. एक खरात मॅडम. और एक साहब, जो रिटायर हो गए. उनको मालूमच नहीं के उनका जॉब पड़ा है."

पत्र दिलं. सकाळी साध्यांत पहिली होते, दुपारी तातडीच्यांत शेवटची. रां. क्र. ४४. एक पायरी चढून त्याच पायरीवर.

१२ फेब्रु., गुरु

सय्यदभाईंनी बोलावलं. मोठ्या जॉबांच्या मधे फटी पडतात म्हणे. उद्या दुपारी दोनपासून चार मशीनं पन्नास तास मोकळी आहेत. बहात्तर मागणारा त्यात मावत नाही, पन्नास मागणारा मावतो. "लेकिन पचास मतलब पचास. एक मिनिट ऊपर गया तो काटती."

लहान नमुना चालवून अंदाज काढला. सत्तेचाळीस तास येतात. मधूनमधून निकाल साठवून ठेवायची सोय बंद केली, त्यात दोन-तीन तास जातात. पन्नास मागितले.

इथं सगळे सात दिवस मागतात आणि सहा दिवस झोपतात. मी लागेल तेवढंच मागितलं. मनात जरा अभिमानही वाटला. अभिमान वाटला की मी सावध व्हायला हवं, पण होत नाही.

१३ फेब्रु., शुक्र

लागला. दोन वाजून चार मिनिटांनी.

कँटीनमधे खरात मॅडम होत्या. जालन्याला कॉलेजात रसायन शिकवतात, इथं प्रबंध करतात. त्यांच्याही पर्समधे २७ तारखेचं तेच पत्र. त्यांना चार मशीनं ऐंशी तास हवीत. तातडीचं पत्र नाही, त्यांचे गाईड परदेशात आहेत.

"तुमचं लागलं ना? मग माझंही लागेल," म्हणाल्या आणि माझ्या चहात स्वतःचं बिस्कीट बुडवून मलाच दिलं.

दुसऱ्याचं झालं की आपलंही होईल असं मानणारी माणसं मी बरीच वर्षं पाहिली नव्हती. जपून ठेवावीत. की सावध करावीत?

१५ फेब्रु., रवि

दुपारी चारला कापला.

गाळ २०१८ पर्यंत आला होता. आणखी सहा वर्षं राहिली होती. आठ तास. म्हणजे अठ्ठावन्न लागतात, सत्तेचाळीस नाही. पुढच्या पुढच्या वर्षांना जास्त वेळ लागतो, गाळ वाढतो तसं गणितही जड होतं. हे मला कळायला हवं होतं. माझ्याच तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय.

साठवलेलं काही नाही. पडद्यावर एकच ओळ, मुदत संपली.

अनिलनं चहा आणून ठेवला. "लागला का नंबर" विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१६ फेब्रु., सोम

पुन्हा टाकला. साठ तास. रां. क्र. ३८.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाला नेमका हाच धडा आला. अनेकांनी वापरायच्या संगणकावर कामांना क्रम कसा द्यावा. पुस्तकात लिहिलंय की जो जितका जास्त थांबला त्याचा क्रम तितका वाढत जावा, म्हणजे कोणी कायमचा उपाशी राहत नाही. पोरांनी लिहून घेतलं. एकानं विचारलं, "मॅडम, खरंच असं असतं का?"

परीक्षेत येतं, म्हटलं.

१७ फेब्रु., मंगळ

तक्रार लिहिली, संगणक समितीला. खरात मॅडम समोर बसल्या होत्या. सय्यदभाईंनी झोपलेल्या जॉबांची यादी काढून दिली, नावांसकट. पहिलं नाव बोराडे. "मेरा नाम नक्को," म्हणाले. "लिखित में ऑर्डर आया तो एक घंटे में सब उड़ा देता. बिना ऑर्डर हात लगाया तो मैंच उड़ता."

लिहिताना हात छान चालला. अलीकडे कशालाच चालत नव्हता. शेवटचं कलम मला फार आवडलं. 'अशा अडवलेल्या जागेवर ज्याचं काम चालू आढळेल, त्याचंही खातं महिनाभर बंद करावं. रुमाल टाकणारा आणि रुमालावर बसणारा, दोघे सारखेच.' खरात मॅडमनी तेवढंच दोनदा वाचलं. "जरा कडक होत नाही ना?" कडकच हवं, म्हटलं.

दोघींच्या सह्या. समितीच्या बैठकीत द्यायचा म्हणून कागद त्यांच्या फाइलमधे ठेवला. हिशोबही झाला. रुमाल निघाले तर आम्ही दोघी लगेच लागतो. सोमवारी बैठक, सोमवारी दुपारी सुरू झालं तर त्यांचे ऐंशी तास गुरुवारी रात्री संपतात. शुक्रवारी सत्तावीस. बसतं, पण नखभर.

१८ फेब्रु., बुध

बैठक पुढं गेली. मार्चमधे. अध्यक्ष बाहेरगावी.

मार्चमधे रुमाल काढतील. तोवर प्रवासी उतरून गेलेले असतील.

खरात मॅडम म्हणाल्या, "बघते मी, कुठं बोलता येतं का." कुठं बोलणार? माझं बोलून झालंय. रां. क्र. ३७, म्हणजे एक सरकली. दोन दिवसांत एक, या वेगानं मे उजाडेल.

१९ फेब्रु., गुरु

शिवजयंती, सुट्टी. क्रांती चौकाकडून सकाळपासून ढोल. खिडक्या लावून सहाव्या प्रकरणाच्या रिकाम्या तक्त्यासमोर बसले. तक्त्याचं शीर्षक मात्र अप्रतिम आहे. दोनदा सुधारलंय.

बोराडेचा फोन.

"मॅडम, शनिवारी सकाळी दहापासून माझी चार मशीनं मोकळीच हायेत. सोमवारी रात्री अकरापर्यंत. माझं काम मागं पडलं. बसा तुम्ही."

"मी?"

"एकसष्ट तास हायेत. तुम्हाला अठ्ठावन्न लागतात ना? माझ्याच जागेवर चालवा. तुमच्या नावानं पाप केलं होतं, तेवढंच फिटंल."

तक्रारीत पहिलं नाव याचं. याला माहीत नाही. आवाजात खोट नव्हती, मागं लेकरं भांडत होती.

कळवते म्हटलं. तक्रार तर मेलेलीच आहे, असं स्वतःला सांगितलं. दिवसभरात बऱ्याचदा सांगितलं.

२० फेब्रु., शुक्र

बोराडेला हो कळवलं. बाकी काही नाही.

२१ फेब्रु., शनि

बसले. सकाळी दहा. या खेपेला मधे साठवायची सोय चालू ठेवली असती, तर तीन तास वाढून एकसष्ट पूर्ण भरतात. एक मिनिट शिल्लक नाही. पुन्हा बंद केली.

निघताना जिन्यात खरात मॅडम. शनिवारीही आल्या होत्या, रांग बघायला. फोनवर दिसते तरी येतात.

"आज चेहरा बरा दिसतोय."

"झोप झाली."

"माझा एकोणचाळिसावा. तुमचा?"

"सदतीस," म्हटलं. ते खरंच आहे. माझा तो जॉब अजून सदतिसाव्या जागेवर उभा आहे. खोटं बोलायची वेळ आली तेव्हा सत्य असं तयार मिळालं.

त्यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून दिली.

२२ फेब्रु., रवि. दुपारी चार

२००२ संपतंय. वेग ठीक आहे. उद्या रात्री आठपर्यंत संपेल. मग तक्ता, मग दोन दिवस लिहायला, गुरुवारी छापायला. होतंय.

पावणेपाच

खरात मॅडमचा संदेश. तसाच उतरवते.

'मॅडम, काल संध्याकाळी संचालकांच्या घरी गेले होते. दीड तास बाहेर थांबले पण भेटले. आपला अर्ज वाचला. शेवटचं कलम त्यांना फार पटलं. उद्या साडेदहाला कागद हातात द्या, अकराला आदेश काढतो म्हणाले. सय्यदभाईंनाही फोन केला त्यांनी माझ्यासमोर. झालं मॅडम. तुम्ही पण या, दोघी मिळून देऊ.'

उद्या अकराला आदेश. बाराला सय्यदभाई बोराडेची जागा उघडणार. आत माझं काम, माझ्या नावाच्या फोल्डरसकट, पुन्हा २०१८ पर्यंतच आलेलं. ते कापणार. मग माझं खातं महिनाभर बंद. भाषा माझीच, सही माझी.

कागद मंगळवारी दिला तर? माझं वाचतं. मंगळवार दुपार अधिक ऐंशी तास, म्हणजे शुक्रवार रात्री आठ. कचेरी पाचला बंद. खरात मॅडमचं संपलं.

तीनदा मोजलं. एकदा कागदावर, एकदा बोटांवर, एकदा कॅल्क्युलेटरवर. मला वाटलं कॅल्क्युलेटर तरी दया करेल.

'मॅडम, उद्या मला जमत नाही, मंगळवारी देऊ या का' एवढं लिहिलं. पुसलं. 'मॅडम, एक सांगायचं होतं' लिहिलं. तेही पुसलं. त्यांना वर दिसत असणार की मी काहीतरी लिहितेय, थांबतेय, पुन्हा लिहितेय.

अनिलला सांगितलं सगळं. त्यानं ऐकून घेतलं. "आठ वर्षं झाली गं," एवढंच म्हणाला. कोणत्या बाजूनं म्हणाला ते विचारायचं धाडस झालं नाही.

साडेपाच

२००४.

खरात मॅडमचा फोन आला. वाजून थांबला. आता पुन्हा वाजतोय.