ह्यांची पट्टी

४ नोव्हें., मंगळ.
सदरच्या हॉलमध्ये गाण्याच्या क्लबची प्रॅक्टिस. कराओकेचा लॅपटॉप माझ्याकडे, नेहमीप्रमाणे. ह्यांचं ते गाणं आलं, नव्वदच्या दशकातलं. त्या वर्षी पानठेल्यावर, ऑटोत, लग्नाच्या बँडवर, जिथं जावं तिथं तेच. आमच्या रिसेप्शनले ह्यांनी सुटाबुटात ऑर्केस्ट्रावाल्याच्या हातातून माइक घेऊन तेच म्हटलं होतं. मी गुपचूप ट्रॅकची पट्टी तीन खाली केली. (बटन लेकीनं शिकवलंय.) मागच्या वर्षी दोन पुरत होत्या. टाळ्या पडल्या. उतरताना म्हणतात, "पाहिलं वं? तीस वर्षं झाली, पण पट्टी ओरिजिनल." मी म्हटलं, हो.

७, शुक्र.
झालं. यंदा वार्षिक कार्यक्रमात ट्रॅक नाही, लाइव्ह ऑर्केस्ट्रा. कीबोर्डवर राजू, वादक त्याचेच. सगळी गाणी मूळ पट्टीत, कॅसेटसारखी. ह्यांले शेवटचं गाणं. हे खूश. पण ट्रॅक नाही म्हणजे माझं बटनही नाही.

९, रवि.
सीताबर्डीवरून चमकता शर्ट आणला, त्या काळातल्यासारखा. मौद्याच्या प्लांटमधल्या जुन्या सोबत्यांले फोनवर फोन. "या गा, समोरची खुर्ची ठेवतो." लेकीले व्हिडिओ कॉल. तिनं माझ्याकडे पाहून विषय बदलला. मी मेथी निवडत बसली. एवढ्या लोकांसमोर आवाज फुटला तर हा माणूस पुन्हा माइक धरणार नाही. मी ओळखते ह्यांले.

१२, बुध.
राजूले फोन, ह्यांच्या गाण्याची पट्टी तीन खाली घेता येईल का म्हणून. "काकू, बटन दाबायले मले एक सेकंद लागते. पण बासरीवाल्याले, गिटारवाल्याले सांगावं लागन ना. काका समोरच राहतीन." म्हणजे रिहर्सलच्या आधी मलेच ह्यांले सांगणं आलं.

१३, गुरु.
सांबारवडी केली, कोथिंबीर भरून. ह्यांनी चार खाल्ल्या. पाचवी वाढताना तोंड उघडलं अन् विचारलं काय, तर तिखट झाली का. भित्री मेली.

१५, शनि.
सांगितलं. कपडे वाळत घालता घालता, ह्यांच्याकडे पाठ करून.
"कधीपासून?"
"दोन वर्षं होतील."
"क्लबात कोणाले माहीत आहे?"
"कोणालेच नाही."
"काहून केलं?"
अंतऱ्याले तुमच्या गळ्याच्या शिरा फुगतात, मले भीती वाटते, हे सांगायचं होतं. तोंडून निघालं, "तुम्ही गाताना छान दिसता." तेही खरंच आहे. चप्पल घालून निघून गेले. जेवायच्या वेळेले आले.

१८, मंगळ.
टॉवेल कुठाय, चहा ठेव. तीन दिवस एवढंच बोलणं. प्रॅक्टिसले गेलो नाही.
दुपारी ह्यांनी दिवाणातून आपली जुनी वही काढली. लग्नाआधी रेडिओवरचे पहिले दहा नंबर दर आठवड्याले त्यात उतरवायचे. आमच्या लग्नाच्या आठवड्यात नं. १ वर हेच गाणं, बाजूले पेनानं लिहिलेलं: "पट्टी जमते." मग त्या गाण्याची कॅसेट लावली, दार लोटलं, सोबत गायले. अंतऱ्यात फुटला आवाज. रिवाइंड. पुन्हा फुटला. मले रडू आलं, मी ओट्याशी उभी राहून रडून घेतलं.
बाहेर येऊन म्हणतात, "कुकरकडे लक्ष आहे का तुझं?"

२१, शुक्र.
रिहर्सलले एकटेच गेले. "तू नको येऊ." आल्यावर पोहे मागितले, पट्टीचं अवाक्षर नाही. राजूले फोन लावावा वाटला. नाही लावला. चोरून करणं पुष्कळ झालं.

२३, रवि. सं.
हॉलमध्ये बसून कार्यक्रमपत्रिकेच्या मागं लिहून राहिली. वहीत नंतर चिकटवीन. पुढचं गाणं ह्यांचं. मौद्याचे सोबती समोरच्या रांगेत, बायकांसकट.
आत्ता विंगेतून डोकावले. शर्ट खरंच शोभते. मले शोधलं अन् दोन बोटं खाली करून दाखवली. म्हणजे रिहर्सलले स्वतःच राजूले सांगितलं, दोन खाली. मी तीन दाखवली. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली, पुन्हा दोन. तीच मुंडी, तोच हट्ट. पण हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.
दोनवर अंतरा कधी लागतो, कधी नाही. मागच्या वर्षी लागायचा. राजू कीबोर्डमागून आमच्याकडे टकमक पाहून राहिला.
निवेदिकेनं नाव घेतलं. मांडीवर लॅपटॉप नाही, हातांचं काय करावं समजत नाही. पेन ठेवते.