रखमाई हाइट्सचा अध्यक्ष

५ मार्च, बुधवार

आज पुन्हा! किकवी गावच्या नवरीच्या तोंडाला मुलतानी मातीचा लेप लावलेला, आणि नळ कोरडा. लेप वाळला. तिला हसता येईना, बोलता येईना. तिची आई मात्र दोघींच्या वाटचं बोलली!

धावत खाली गेले. ही रखमाई हाइट्स बांधून फ्लॅट विकणारे रखमाजी मालक पायरीवर दात कोरत बसलेले. "सकाळी सोडलं व्हतं की पानी. भरून ठेवायचं." शेवटी प्यायच्या पाण्याने नवरी धुतली.

फ्लॅट आमचा, पार्लर माझं, आणि मोटरघराची किल्ली मालकांच्या कनवटीला. लग्नसराई अशीच गेली तर पार्लरला कुलूप लावावं लागेल. भीती वाटते.

८ मार्च

सोसायटीची नोंदणी झाली! आता बिल्डिंगचा कारभार आम्हा फ्लॅटवाल्यांकडे. उद्या पहिली सभा. अध्यक्ष मीच व्हायचं, सगळ्यांचं ठरलंय. आमचे हे— नागसेन— म्हणतात, "तिथं झालीस की घरातलं अध्यक्षपद तरी सोड." बघू.

९ मार्च, रविवार

सत्यानाश!

सोमनाथच्या हातात माइक द्यायलाच नको होता. दुसऱ्या मजल्यावरचा हा सोमनाथ भोरमधल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांचं निवेदन करतो. बारसं असो की शोकसभा. मालकांचाही तळमजल्यावर फ्लॅट आहे, म्हणून त्यांनाही बोलावलेलं. सोमनाथने माइकवर टकटक केलं आणि सवयीने सुरू— "अध्यक्षपद आदरणीय रखमाजी मालकांनी स्वीकारावं, अशी मी नम्र विनंती करतो." मागून तिसऱ्या मजल्यावरच्या लीलाबाई, त्याही सवयीने, "माजं अनुमोदन!" टाळ्या. मीही वाजवल्या! मेले हात आपोआप वाजतात.

मालक उठले, हात जोडले. "तुमी एवढा मान दिला, तर व्हतो म्या अध्यक्ष. सभा संपली."

"अहो, ते नुसतं आजच्या सभेपुरतं!" मी ओरडले.

"तसं कुठं म्हनला त्यो?"

खरंच नव्हता म्हणाला.

१० मार्च

सोमनाथ तोंड लपवून जिना उतरतो. लीलाबाई म्हणतात, "अनुमोदन द्यायचं असतं म्हनून दिलं. कुनाला ते न्हाई बगितलं." पाणी? करंगळीएवढी धार.

१३ मार्च

सुचलं! आंघोळ करताना सुचलं असं लिहिलं असतं, पण आंघोळ कुठली?

माणूस माइकने चढला ना? मग माइकनेच उतरवायचा. मालकांना सत्काराची भारी हौस. शेजारच्या उत्रोली गावात सत्कार दुसऱ्याचा असला तरी हे फेटा बांधून घेतात. सोमनाथला वर बोलावलं. म्हटलं, पाप फेडायची वेळ आली.

१६ मार्च, रविवार

जमलं!! पार्किंगमध्ये मांडव. फेटा, शाल, हार, फोटोवाला. सोमनाथने असा काही गळा काढला की डाव माझा असून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं— "ज्यांनी ही वास्तू उभी केली, तेच आज थोर मनाने कारभाराची किल्ली नव्या हातांत सोपवत आहेत!"

मालकांचा हात कनवटीला गेला. तिथंच थांबला. आम्ही टाळ्या थांबवल्याच नाहीत. शेवटी त्यांच्या रतनबाईंनीच कोपराने ढोसलं, "आवं, द्या की! फोटू निघतोय."

दिली! माझ्या हातात! तेवढ्यात सोमनाथ, "सोसायटीच्या— सोसायटीच्या!— अध्यक्षपदी मायाताई." लीलाबाईंनी या वेळी माझ्याकडे नीट बघून अनुमोदन दिलं. मालक फेट्याखालून नुसते हसत होते. मला वाटलं, फोटोसाठी.

१७ मार्च

मोटरघर उघडलं. आत मोटरच नाही! एक कॉक, आणि भिंतीतून पलीकडे मालकांच्या मळ्यात गेलेला पाइप.

मालक कुंपणापाशीच उभे होते. "बोर तर बांदकामातच आटली, पोरी. माज्या हिरीचं पानी देत व्हतो. तुमच्यापायी यंदा कांदा लावला न्हाई."

"मग सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर फ्लॅट कुनी घेतला असता? आता हिरीचं पानी कांद्याला, मी मोकळा. सत्कार बी झाला."

वरून लीलाबाईंची हाक— "ओ अध्यक्ष! पानी सोडा की!"